सूर्याकडे पाठ

मुलाने ऑस्लोहून कॅमेरा पाठवला,
सोबत पन्नास पानांचं माहितीपुस्तक.
पुस्तक मी टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवलं
आणि पहिल्याच संध्याकाळी ऐंशी फोटो काढले.
एकतीस वर्षं वार्दोच्या कारखान्यात
कॉड माशांची मुंडकी उडवली मी;
फोटोत माणसांचीही तीच गत झाली.
जी वाचली, त्यांच्या टाळूतून विजेचे खांब उगवले.
बहीण सूलफ्रिद म्हणाली, "तुरिल, काय उजेड पाडलास गं!"
डिसेंबर होता. उजेड कुणीच पाडत नव्हतं.
सूर्य नोव्हेंबरातच गेलेला,
भर दुपारी बंदरावर निळी शाई सांडलेली.

दर गुरुवारी वाचनालयात आयलिफ शिकवायचा.
जन्मभर बोटींची इंजिनं खोलली त्याने,
बोटांच्या पेरांत अजून ग्रीस.
पहिल्या दिवशी आमचे कॅमेरे त्याने नुसते न्याहाळले
आणि खिशातून चष्म्याचं फडकं काढलं.
"आधी काच पुसा."
माझ्या काचेवर माशाचं तेल होतं.
मी इतके दिवस त्याला धुकं समजत होते.

मग म्हणाला, जवळ जा.
गेलात? अजून एक पाऊल.
झूमने नाही, पायांनी.
कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास अर्धा सोडा,
झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं
तसं बोट लावा बटणाला.
आणि तो फ्लॅश बंद करा, कृपा करून.
समोर माणूस आहे,
रस्ता ओलांडणारा ससा नाही.

सिवनेसन कारखान्यात माझ्या शेजारी उभा राहायचा,
जाफन्याचा; पोर मात्र इथल्या बर्फातली.
तो तिचे फोटो उभ्यानेच काढी,
सगळे लोकरीच्या टोपीचे.
आयलिफने खांदा दाबून त्याला गुडघ्यावर बसवलं.
पडद्यावर पहिल्यांदाच पोरीला डोळे आले.
तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

बाराच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीत
तासभर मिणमिणता निळेपणा येतो.
त्यात मी सूलफ्रिदला बसवलं.
"हसू नकोस. बटाटे सोल."
चारी कोपरे तपासले:
एकात औषधांचं कॅलेंडर, एकात माझाच अंगठा.
सरकले. थांबले.
बटाट्याचा डोळा काढताना ती जीभ दातांत धरते,
आई धरायची तशीच.
साठ वर्षं एका घरात, आणि हे मला दिसलं नव्हतं.
फोटो हलला.
तरी पुसला नाही.

जानेवारीत सूर्य परतला.
आमच्याकडे त्या दिवशी किल्ल्यावर तोफ उडते,
शाळा सुटते, सगळं गाव तटावर,
हातमोजे दातांत, फोन वर.
समुद्राच्या कडेला नखाएवढी नारिंगी कोर.
मीही नेम धरला.
पडद्यावर एक पांढरा डाग, खाली मिट्ट काळोख.
आयलिफ त्या आठवड्यात ट्रॉम्सोच्या इस्पितळात होता,
पण कानाशी तोच खेकसला:
उजेड कुठे पडलाय ते बघ, बाई.

मी वळले.
सगळे तांबूस, डोळे किलकिले,
दोन महिन्यांनी स्वतःच्या सावल्यांसकट.
बेकरीवाल्या रागनहिल्डचं नाक गळत होतं की डोळे, कळेना.
पोरीने टोपी मागे सारली होती,
सिवनेसन बर्फात गुडघे टेकून,
आणि सूलफ्रिद माझ्यावर ओरडत होती,
"अगं तिकडे बघ, वेडे! जाईल तो!"
कोपरं बरगड्यांना.
एकच काढला.

आयलिफला पाठवला.
उत्तर रात्री आलं:
"डावीकडे ती लाल मोटार यायला नको होती."
मी ती कापायला बसले,
तोवर दुसरं आलं:
"राहू दे. माझीच आहे."